निळ्या आणि लाल मराठी मंडळींना

अमेरिकेतल्या डेमोक्रॅट (म्हणजे निळ्या) आणि रिपब्लिकन (म्हणजे लाल) मराठी मित्रमैत्रिणींनो,

स. न. वि. वि.

२०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमेरिकेचं सरकार ४३ दिवस बंद होतं. भांडण हेल्थ इन्शुरन्सच्या सबसिडीचं होतं, आणि ते वॉशिंग्टनइतकंच आपल्या जेवणाच्या टेबलांवरही रंगलं. निळे म्हणायचे, "बँका बुडत होत्या तेव्हा रातोरात सातशे अब्ज डॉलर निघाले, आता आजारी माणसासाठी खडखडाट कसा?" लाल म्हणायचे, "तेव्हा आमच्या टॅक्सवर डल्ला मारलात, ओबामाकेअर हा त्याचाच दुसरा अंक." (ओबामाकेअर म्हणजे ओबामांच्या काळातला २०१०चा आरोग्यविम्याचा कायदा.) ही दोन्ही वाक्यं मी २००९पासून ऐकते आहे. मी मिशिगनमध्ये राहते, मेडिकल बिलिंगमध्ये नोकरी करते, आणि मत कधी याला तर कधी त्याला देते. त्यामुळे दोन्हीकडची मंडळी मला हक्कानं समजावत असतात. आज मला थोडं बोलू द्या.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ते सातशे अब्ज ओबामांनी मंजूर केलेले नाहीत. २०१०च्या जुलैत प्यू रिसर्च या सर्वेक्षण संस्थेनं लोकांना विचारलं, बँकांच्या बेलआउटचा (बुडत्यांना सरकारी पैशानं वाचवण्याचा) कायदा कुणाच्या काळात झाला? ४७ टक्के लोकांनी ओबामांचं नाव सांगितलं. बुश हे बरोबर उत्तर जेमतेम ३४ टक्क्यांना आलं. घटनेला दोन वर्षंही झाली नव्हती! आपल्या मंडळींत आज हा प्रश्न विचारला तर याहून बरा निकाल लागेल, असं मला वाटत नाही.

झालं होतं ते असं. १५ सप्टेंबर २००८ला लेहमन ब्रदर्सनं दिवाळं काढलं. दुसऱ्याच दिवशी फेडरल रिझर्व्ह (फेड) या मध्यवर्ती बँकेनं एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्जांचं कर्ज देऊन वाचवलं. आणि तो आठवडा संपायच्या आत बुश यांचे अर्थमंत्री हँक पॉल्सन काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, तीन पानांचा मसुदा घेऊन आले. तीन पानं, सातशे अब्ज. त्यात एक कलम असंही होतं की अर्थमंत्र्यांनी या पैशाबाबत घेतलेला निर्णय कुठल्याही कोर्टाला तपासता येणार नाही. ते कलम पुढे गळलं, पण ते लिहिणारं सरकार 'सरकार लहान हवं' म्हणणाऱ्या पक्षाचं होतं, हे लाल मंडळींनी विसरू नये.

२९ सप्टेंबरला संसदेच्या खालच्या सभागृहानं, म्हणजे हाऊसनं, विधेयक २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळलं. विरोधात १३३ रिपब्लिकन आणि ९५ डेमोक्रॅट. त्या दिवशी डाऊ हा शेअर निर्देशांक ७७७ अंकांनी कोसळला. ज्यांचा ४०१(के), म्हणजे नोकरीतून साठवायचा निवृत्तिनिधी, तेव्हा नुकता बाळसं धरत होता, त्यांना तो सोमवार आठवत असेलच. मग वरच्या सभागृहानं, सिनेटनं, ते ७४ विरुद्ध २५नं मंजूर केलं. तिथे ओबामा आणि मॅकेन, एकमेकांविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदासाठी लढणारे दोघंही, बाजूनं मत देऊन आले. ३ ऑक्टोबरला हाऊसनंही मान डोलावली आणि बुश यांनी त्याच दिवशी सही केली.

मधल्या चार दिवसांत नाराज सदस्यांची मनं वळवायला काय काय जोडलं, ते पाहण्यासारखं आहे. लहान मुलांच्या खेळातले लाकडी बाण बनवणाऱ्यांना करमाफी मिळाली. (थट्टा नाही, कायद्यात आहे.) त्याच गाठोड्यातून आणखी एक तरतूद पार झाली: कंपनीच्या ग्रुप इन्शुरन्समध्ये मानसिक आजारावर आणि व्यसनमुक्तीवर उपचार असतील, तर त्यांना शारीरिक आजाराहून कडक मर्यादा घालता येणार नाहीत. म्हणजे ज्याला आपण सगळे 'बँकांचा कायदा' म्हणून नावं ठेवतो, त्याच्याच पोटात हेल्थ इन्शुरन्समधली एक मोठी सुधारणा होती, आणि खाली सही रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाची. समुपदेशनाचं बिल नाकारलं गेलं की मी आजही त्याच तरतुदीचा आधार घेऊन अपील लिहिते. बेलआउट वेगळं आणि आरोग्य वेगळं असं म्हणणाऱ्यांनी एकदा तो कायदा उघडून बघावा.

आता निळ्यांसाठी. "सातशे अब्ज बँकांच्या घशात घातले" हे वाक्य कृपा करून बंद करा. टार्प नावाच्या त्या निधीतून बँकांना २४५ अब्जांच्या आसपास गेले आणि व्याज-लाभांशासकट सुमारे २७५ अब्ज परत आले. एआयजीला फेड आणि ट्रेझरी (अर्थखातं) मिळून दिलेली हमी फुगत फुगत १८२ अब्जांवर गेली होती, तीही सरकारनं २२ अब्जांहून जास्त नफ्यानं सोडवली. पुढे काँग्रेसनंच टार्पची मर्यादा सातशेवरून ४७५ अब्जांवर आणली. पैसे बुडाले म्हणून ओरडायचं, तर ते बहुतेक बँकांकडे बुडालेच नाहीत. लाज वाटावी अशी गोष्ट दुसरीकडे आहे, आणि तिच्याबद्दल दोन्ही बाजूंची मंडळी क्वचितच बोलतात.

१३ ऑक्टोबर २००८. सोमवार, कोलंबस डेची सुट्टी. पॉल्सन यांनी नऊ मोठ्या बँकांच्या प्रमुखांना ट्रेझरीत बोलावून घेतलं. प्रत्येकापुढे एक पान ठेवलं. बँकेचं नाव लिहा, रक्कम लिहा, सही करा. सिटीग्रुप, जेपी मॉर्गन आणि वेल्स फार्गो प्रत्येकी २५ अब्ज, बँक ऑफ अमेरिका १५, गोल्डमन सॅक्स १०, असं करत संध्याकाळपर्यंत १२५ अब्जांचे कागद पुरे झाले. काहींना हे पैसे नकोही होते, पण सगळ्यांनी घेतले तर दुबळा कोण ते बाहेर दिसणार नाही, म्हणून सगळ्यांनी घ्यायचे असं ठरलं. ते कागद पुढे प्रसिद्ध झाले. त्यावर पेननं, हातानं लिहिलेले अब्जांचे आकडे आहेत. रोज साडेतीनशे डॉलरच्या क्लेमसाठी चार चार जोडपत्रं पाठवणाऱ्या माझ्यासारखीला ते पान बघून काय वाटलं असेल, ते सांगत बसत नाही.

आता त्याच निधीतला दुसरा खर्च पाहा. २००९मध्ये ओबामा सरकारनं घराचे हप्ते थकलेल्यांसाठी योजना आणली. तीस ते चाळीस लाख कुटुंबांचा हप्ता कमी करून त्यांची घरं वाचवायची, असं जाहीर झालं. मागितलं काय? पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंटं, टॅक्स रिटर्न, आणि आपण अडचणीत का आलो हे सांगणारं सहीनिशी पत्र. मग तीन महिने 'ट्रायल'. ट्रायल संपेपर्यंत कागद हरवलेले. पुन्हा पाठवा. पाठवले, तर आता ते जुने झाले, ताजे पाठवा. आणि अर्ज विचाराधीन असतानाच त्याच बँकेचा दुसरा विभाग जप्तीची नोटीस काढून मोकळा. ज्या बँकांनी एका पानावर सही करून अब्जावधी घेतले होते, त्यांच्याच हातात सामान्य माणसाची फाइल तपासायचं काम दिलं होतं! योजना ठरवलेल्या आकड्याच्या खूप खाली राहिली. लाखो लोकांच्या तोंडाला पानं पुसली गेली, आणि हे डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे अर्थमंत्री टिमोथी गाइटनर यांच्या काळात झालं. निळ्या मंडळींनी याचं उत्तर द्यायला हवं. "बुशनं घाण करून ठेवली होती" हे उत्तर इथे चालत नाही.

लाल मंडळींनी तरी तेव्हा काय केलं? १९ फेब्रुवारी २००९ला शिकागोच्या वायदेबाजारात उभं राहून टीव्हीवरचे रिक सँटेली कडाडले. टी पार्टी या सरकारी खर्चाविरुद्धच्या चळवळीची ठिणगी तिथे पडली असं मानतात. ते कडाडले कशावर? बँकांना दिलेल्या पैशांवर नाही. शेजाऱ्याच्या थकलेल्या हप्त्याचा भार मी का सोसू, यावर. बँकांना एका दुपारी १२५ अब्ज मिळाले तेव्हा त्या बाजारात असं काही पेटलं नव्हतं. शेजाऱ्याचं घर वाचवायचं म्हटल्यावर पेटलं. आणि मग तोच राग गोळा होऊन ऑगस्टपर्यंत आरोग्य कायद्याकडे वळला. गावोगावच्या सभांमध्ये 'डेथ पॅनल'च्या (कुणाला उपचार द्यायचे ते सरकारी समिती ठरवणार, अशा) आरोळ्या उठल्या. मराठीत याला वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात.

या भांडणात खरी किंमत कुणी मोजली असेल तर मधल्या माणसांनी. युटाचे रिपब्लिकन सिनेटर बॉब बेनेट तीन वेळा निवडून आलेले, चांगले जुने कॉन्झर्व्हेटिव्ह. त्यांनी दोन गोष्टी केल्या. २००८ला टार्पच्या बाजूनं मत दिलं. आणि त्याआधीपासून ओरेगनचे डेमोक्रॅट रॉन वायडन यांच्याबरोबर ते एक आरोग्य विधेयक मांडत होते, ज्यात प्रत्येकानं विमा घ्यायचा आणि त्याला नोकरीचं बंधन उरू द्यायचं नाही अशी कल्पना होती. नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असताना नोकरी गेली की व्हिसा आणि विमा दोन्ही एकदम कसे जातात, हे ज्यांनी भोगलंय त्यांना या विधेयकाचं मोल वेगळं सांगायला नको. बेनेटना त्याचं बक्षीस काय मिळालं? मे २०१०मध्ये पक्षाच्या राज्य अधिवेशनातच ते बाद झाले. मतदारांपर्यंत पोचलेसुद्धा नाहीत. साउथ कॅरोलिनाचे बॉब इंग्लिसही तसेच. सभेत एक गृहस्थ उठून त्यांना म्हणाले, सरकारनं माझ्या मेडिकेअरला हात लावायचा नाही. मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा विमा, सरकारचंच आहे हे इंग्लिसनी शांतपणे समजावलं, पण गृहस्थांना काही पटलं नाही. टार्पला मत दिलेले इंग्लिस पुढच्या जूनमध्ये स्वतःच्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मोठ्या फरकानं पडले.

आणि ओबामाकेअर? ते सिनेटमध्ये २००९च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी ६० विरुद्ध ३९नं आणि हाऊसमध्ये २१ मार्च २०१०ला २१९ विरुद्ध २१२नं मंजूर झालं. रिपब्लिकन मत शून्य. विमा घ्यायच्या ज्या सक्तीवरून 'स्वातंत्र्यावर घाला' म्हणून कोर्टात गेले, ती कल्पना १९८९मध्ये हेरिटेज फाउंडेशन या कॉन्झर्व्हेटिव्ह संस्थेनं मांडलेली आणि २००६मध्ये मॅसॅच्युसेट्सचे रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी राबवलेली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. निळ्यांचंही हेच. तुमचा प्लॅन आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील, असं ओबामांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. २०१३च्या शेवटी प्लॅन रद्द झाल्याची पत्रं लाखो लोकांच्या घरी पडली. ते आश्वासन खोटं ठरलं हे कबूल करायला तुम्हाला अजून जड जातं.

लालांचा एक लाडका शब्दप्रयोग आहे, 'इन्शुरन्स कंपन्यांचं बेलआउट'. त्याची कथाही ऐकून ठेवा. नव्या बाजारात आजारी लोक किती येतील हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून पहिली तीन वर्षं अंदाज फार चुकला तर तोटा सरकारनं वाटून घ्यायचा, नफा फार झाला तर सरकारला द्यायचा, अशी सोय कायद्यात होती. अशीच सोय बुश यांच्या २००३च्या मेडिकेअर औषध योजनेत आहे, आणि तिला कुणी बेलआउट म्हणत नाही. तेव्हाचे रिपब्लिकन सिनेटर मार्को रुबिओ यांनी ही सोय म्हणजे बेलआउट अशी हाकाटी केली आणि २०१४च्या अखेरीस काँग्रेसनं त्यासाठीचे पैसे अडवले. काही लहान विमा कंपन्या आणि सहकारी तत्त्वावरचे विमा संघ त्यात बुडाले, ग्राहक वाऱ्यावर. शेवटी एप्रिल २०२०मध्ये सुप्रीम कोर्टानं आठ विरुद्ध एकनं निकाल दिला: सरकारनं शब्द दिलाय, पैसे द्यावेच लागतील. रक्कम सुमारे १२ अब्ज. तोवर बुडायचे ते बुडून गेले होते.

आता जरा आपल्याकडे वळते, कारण वाद घालताना आपण जणू बाहेरून सामना बघतोय अशा थाटात बोलतो.

इथल्या, मिशिगनच्या नोवी, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्समधल्या लाल मंडळींनो, डिसेंबर २००८मध्ये सिनेटनं मोटार कंपन्यांची मदत अडवली तेव्हा बुश यांनी टार्पमधूनच जनरल मोटर्स आणि क्रायस्लरसाठी १७.४ अब्ज काढले. पुढे ओबामांनी भर घातली, एकूण मोटारउद्योगाला ८० अब्जांच्या घरात गेले. बँकांनी पैसे फेडले, इथे मात्र सरकारला काही अब्जांचा खड्डा पडला. त्या खड्ड्यावर तुमची-आमची घरं उभी आहेत. सप्लायर कंपनीत वीस वर्षं काढलेला आणि 'बेलआउट' म्हटलं की तावातावानं बोलणारा गृहस्थ मला प्रत्येक गणपतीला भेटतो. प्रसाद देते आणि गप्प बसते.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट आणि सॅन होजेच्या स्टार्टअपवाल्यांनो, तुमचंही तसंच. १० मार्च २०२३ला, शुक्रवारी, सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. ठेवींवर विमा अडीच लाख डॉलरपर्यंत, आणि तिथल्या नव्वद टक्क्यांहून जास्त ठेवी त्या मर्यादेबाहेर. रविवारी संध्याकाळी सरकारनं जाहीर केलं, सगळ्यांचे सगळे पैसे सुरक्षित. त्या दोन दिवसांत मुक्त बाजारपेठेची थोरवी गाणारा एकही मेसेज मला आला नाही. (ज्यांचे नातेवाईक मुंबईत पीएमसी बँकेचे ठेवीदार होते, त्यांना या वीकेंडची किंमत जास्त कळेल. २०१९च्या सप्टेंबरात त्यांना सुरुवातीला सहा महिन्यांत हजार रुपये काढायची मुभा होती.)

राहिला दवाखाना. २०१४च्या आधी माझ्या स्क्रीनवर 'सीओ ५१' हा कोड सतत दिसायचा. अर्थ: आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा, पैसे मिळणार नाहीत. दोन नोकऱ्यांच्या मधे ६३ दिवस किंवा त्याहून जास्त खंड पडला, तर नव्या कंपनीचा ग्रुप इन्शुरन्ससुद्धा जुन्या मधुमेहाला बारा महिन्यांपर्यंत हात लावायचा नाही. खंड किती पडला, ६१ दिवस की ६५, हे रुग्णाकडून फोनवर मोजून घेणं हा माझ्या कामाचाच भाग होता. २०१४पासून, ओबामाकेअर लागू झाल्यावर, तो कोड माझ्याकडे जवळपास येईनासा झाला. आता तो कुठे भेटतो माहीत आहे? भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये. बीपी जुनं, साखर जुनी, गुडघा जुना, सगळं वगळलेलं. १४च्या आधीची अमेरिका कशी होती ते पाहायचं असेल तर बाबांची पॉलिसी काढून वाचा.

आणि ग्रीनकार्डवर आलेले आईवडील? पासष्टी उलटली तरी पहिली पाच वर्षं त्यांना मेडिकेअर विकतही मिळत नाही. आपल्यातल्या कितीतरी घरांनी त्या पाच वर्षांसाठी ओबामाकेअरचा प्लॅन काढला. लाल घरांनीही काढला. त्यात काही चूक नाही, हक्काचं आहे. फक्त मग 'फुकटे' हा शब्द वापरताना जरा इकडेतिकडे बघावं. मिशिगनमध्ये मेडिकेडची (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्याची) व्याप्ती वाढवणाऱ्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर रिक स्नायडर रिपब्लिकनच होते, हेही जाता जाता.

२०२५ संपताना ओबामाकेअरच्या प्लॅनवरची वाढीव सबसिडी संपली. त्यामुळे २०२६साठी नवरा-बायको दोघांचं उत्पन्न ८४,६०० डॉलरच्या एक डॉलर जरी वर गेलं तरी मदत शून्य. साठीला नोकरी सोडून पासष्टीच्या मेडिकेअरची वाट बघणारी कितीतरी जोडपी आपल्या मंडळात आहेत. त्यांनी ४०१(के)मधून थोडे जास्त पैसे काढले तर वर्षाचा हजारोंचा प्रीमियम अंगावर येतो. यात निळे-लाल असा भेद नाही.

२०२६च्या नोव्हेंबरात मध्यावधी निवडणुका आहेत. उन्हाळ्यापासून उमेदवार आपल्या मंडळांत येतील, शाल-श्रीफळ घेतील, नमस्ते म्हणतील, फोटो काढतील. माझी विनंती एवढीच, की त्यांना 'तुम्ही बेलआउटच्या बाजूचे की विरोधातले' असलं काही विचारू नका. त्याचं उत्तर त्यांच्याकडे पाठ असतं. पुढच्या वेळी बँक बुडाली, कारखाना बुडाला, विमा कंपनी बुडाली की पैसे निघणारच आहेत, तुमच्याही पक्षाकडून आणि त्यांच्याही. विचारायचं ते हे: त्या पैशाला अटी कोणत्या, ते परत कसे येणार, आणि त्याच कायद्यात हप्ता थकलेल्या किंवा विमा गेलेल्या माणसाला किती दिवसांत उत्तर मिळणार? ८४,६००च्या वर एक डॉलर गेला की कडेलोट होतो, त्या जागी उतार करायला तुम्ही मत देणार की नाही? आणि उत्तरात "आम्ही त्यासाठी योजना आणू, लोक अर्ज करू शकतील" असं आलं, तर तो अर्ज किती पानांचा असेल तेही विचारा. बँकांचा एका पानाचा होता.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मिशिगनमधली एक मतदार